स्वप्नातील गुरू आणि वज्रसूचीतील ‘ब्राह्मण’ : संत बहिणाबाईंच्या आत्मकथनाचे एक वाचन

संत बहिणाबाईंच्या अभंगात्मक आत्मकथनाकडे मराठी अभ्यासकांनी आजवर प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले आहे. सांप्रदायिकांच्या दृष्टीने ते साक्षात्काराचे निवेदन आहे, तर वाङ्मयेतिहासकारांच्या दृष्टीने ते स्त्रीने रचलेल्या आत्मचरित्राचे मराठीतील एक आद्य रूप आणि तुकारामचरित्राचे समकालीन साधन आहे. या दोन्ही दृष्टींमध्ये एक गोष्ट समान आहे. बहिणाबाईंना जे ‘दिसले’ ते नेमके कशा प्रकारचे दिसणे होते, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. सांप्रदायिकांना तो विचारण्याची गरज वाटली नाही आणि इतिहासकारांनी तो आपल्या कक्षेबाहेरचा मानला. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार सांगत तिसरी एक दृष्टी पुढे येते, ती गहन मानसशास्त्राची. स्वप्न, दर्शन, मूर्च्छा, पूर्वजन्मस्मरण ही तर तिची हक्काचीच क्षेत्रे. परंतु ही दृष्टी बहिणाबाईंच्या संहितेवर प्रत्यक्ष वापरून पाहिली म्हणजे तिचे सामर्थ्य जेवढे जाणवते, तेवढीच एक मूलभूत अडचणही समोर येते. त्या अडचणीचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वृत्तांत थोडक्यात ध्यानात घ्यावा. परंपरेने मानलेला बहिणाबाईंचा काळ १६२८ ते १७०० असा आहे. वेरूळच्या परिसरातील देवगाव हे त्यांचे जन्मगाव. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. बालवयातच शिऊरच्या गंगाधर पाठक या वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. भाऊबंदकी आणि कर्ज यांच्या कटकटीमुळे कुटुंबाने गाव सोडले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत फिरत ते कोल्हापुरास पोहोचले. तेथे बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी आश्रय मिळाला. दानात आलेल्या गाईचे वासरू या अकरा वर्षांच्या मुलीला इतके लळा लावून बसले की पाण्याला जाताना, झोपताना, एवढेच नव्हे तर जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्यामागून जाऊ लागले. कीर्तनात स्वामींनी वासराला आणि मुलीला दोघांनाही कौतुकाने जवळ केले. गावात चर्चा झाली, आणि संतापलेल्या पतीने तिला वेणी धरून मारले व बांधून घातले. गाय-वासराने चारापाणी टाकले. पुढे वासरू मेले. मुलगी बेशुद्ध झाली. त्यानंतरच्या दिवसांत, जयरामस्वामींच्या कीर्तनातून ज्यांची पदे कानांवर पडली होती त्या तुकोबांचे तिला दर्शन घडले. त्यांनी मस्तकी हात ठेवला आणि मंत्रोपदेश केला. वेदपठण आणि ज्योतिष यांवर उपजीविका करणाऱ्या पतीला शूद्र गुरूची ही कल्पना असह्य झाली. तो घर सोडण्यास निघाला, आजारी पडला, पालटला, आणि अखेर सारे कुटुंब देहूस गेले. तेथे स्वप्नात पाहिलेले तुकोबा बहिणाबाईंनी प्रत्यक्ष पाहिले.

या वृत्तांतावर गहन मानसशास्त्राचे भिंग धरले की पुष्कळ काही स्पष्ट होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गाव सुटलेला, पती पित्याच्या वयाचा, शब्दाला घरात किंमत नाही. अशा मुलीच्या आयुष्यात वासराचे स्थान काय असेल, हे विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९५१ साली मांडलेल्या ‘संक्रमणवस्तू’च्या कल्पनेने चांगले उलगडते. मूल आणि बाह्य जग यांच्या मधली, धड आतली नाही आणि धड बाहेरची नाही अशी ती वस्तू असते. तिच्याशी असलेल्या नात्यातूनच पुढे खेळ, कला आणि धर्म यांचे अवकाश तयार होतात, असे विनिकॉट मानतो. वासरू मरते तेव्हा मुलीच्या ‘मी’चाच एक भाग मरतो; मूर्च्छा हे त्या मरणाचे अनुकरण आहे. आणि रिकाम्या झालेल्या त्या जागी गुरूची प्रतिमा येते. युंगचा वाचक याच क्रमाला आणखी निराळी चौकट देईल. मार्गदर्शक पशू, त्याचा मृत्यू, अंधारात उतरणे आणि तेथून ‘ज्ञानी वृद्धा’च्या आदिबंधाचे प्रकटणे, हा त्याला व्यक्तिभवनाच्या प्रक्रियेचा नमुनाच वाटेल. जागेपणी ज्याची पूर्ण वानवा आहे ते स्वप्न पुरविते, हा युंगचा पूरकतेचा सिद्धान्तही येथे चपखल बसतो. घरातील पुरुषाचा हात मारण्यासाठी उठतो. स्वप्नातील पुरुषाचा हात मस्तकावर आशीर्वादासाठी टेकतो. संहितेतील हा विरोध मानसशास्त्राच्या साहाय्याविना इतक्या तीव्रतेने जाणवला नसता.

अडचण सुरू होते ती यानंतर. ‘ज्ञानी वृद्ध’ हा आदिबंध निनावी असतो. किंबहुना निनावीपण हेच त्याचे बळ असते. बहिणाबाईंच्या स्वप्नात आलेला पुरुष मात्र निनावी नाही. त्याला नाव आहे, गाव आहे, जात आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची कविता आहे. तो त्या वेळी हयात आहे. कोल्हापुराहून काही दिवस चालले तर भेटू शकेल अशा अंतरावर आहे. त्याच्या भेटीत आड येते ते अंतर नव्हे, तर पतीची अनुज्ञा आणि वर्णाची मर्यादा. स्वप्नाने नेमकी हीच दोन कुंपणे ओलांडली. येथे नेणिवेने एखादी सनातन प्रतिमा वर आणली असे म्हणून थांबणे म्हणजे स्वप्नातील सर्वांत धारदार भाग बोथट करणे होय. म. सु. पाटील यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे आदिबंधात्मक समीक्षा मराठीत रुजली आणि तिने काव्यवाचनाला खोली दिली, याविषयी वाद नाही. परंतु आदिबंध शोधणाऱ्या नजरेला विशिष्टाचा विसर पडण्याचा धोका कायम असतो, आणि बहिणाबाईंच्या बाबतीत विशिष्ट हेच सर्वस्व आहे.

आणखी एक मुद्दा वाङ्मयीन परंपरेचा. स्वप्नातील उपदेश हा वारकरी परंपरेत नवा नाही. स्वतः तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह स्वप्नातच झाला, आणि तो माघ शुद्ध दशमीला झाला हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्वाचे काम सोपविल्याचेही ते सांगतात. तुकोबांच्या पश्चात पिंपळनेरच्या निळोबांना त्यांचा अनुग्रह झाला तोही दर्शनरूपानेच, अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. म्हणजे स्वप्नदीक्षा ही एक रूढ आकृती होती. मानसशास्त्रज्ञ तिला नेणिवेची सार्वत्रिक रचना म्हणेल. समीक्षक तिला संकेत म्हणेल. हा केवळ शब्दांचा फरक नाही. रचना आतून येते, तर संकेत ऐकण्यातून येतो. बहिणाबाईंनी तुकोबांना पाहण्याआधी ऐकले होते. कीर्तनातून त्यांच्या कानांवर तुकोबांची पदे पडत होती, आणि त्या श्रवणातून डोळ्यांपुढील मूर्ती घडली. श्रवणाकडून दर्शनाकडे जाणारा हा मार्ग उपनिषदांनाही परिचित आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मा ‘द्रष्टव्य’ असल्याचे सांगतो आणि त्यासाठी श्रवण, मनन व निदिध्यासन यांची वाट दाखवितो. तेथेही श्रोता स्त्रीच आहे, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे. अंतर्दृष्टी ही शास्त्र आणि काव्य यांच्या श्रवणाने घडविलेली दृष्टी असते, निव्वळ आत डोकावण्याने ती लाभत नाही, हे गृहीत धरूनच बहिणाबाई बोलत आहेत. गहन मानसशास्त्र ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांची जी वाटणी करते ती या गृहीताला मानवत नाही.

युंगचा स्वतःचा अनुभव या ठिकाणी त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध साक्ष देतो. १९३७ च्या अखेरीस तो भारतात आला. कलकत्त्यास १९३८ च्या प्रारंभी भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचे निमंत्रण होते. दक्षिणेत जाऊनही त्याने रमण महर्षींची भेट घेतली नाही. तथाकथित पुण्यपुरुषांना भेटणे त्याने जाणूनबुजून टाळले आणि त्याची कारणे पुढे आत्मकथनात दिली. याच प्रवासात आजारातून उठल्यावर त्याला स्वप्न पडले ते विश्वरूपाचे किंवा शिवाचे नव्हे, तर युरोपीय आख्यायिकेतील पवित्र पानपात्राचे. भारताच्या मध्यभागी त्याच्या नेणिवेने त्याला त्याच्या परंपरेकडे परत बोलावले, असा अर्थ त्याने स्वतःच लावला. स्वप्न आपल्या परंपरेची भाषा बोलते, याचा याहून बोलका पुरावा कोणता? मग कोल्हापुरातील मुलीचे स्वप्न मात्र सार्वत्रिक नेणिवेचे आणि झुरिचच्या डॉक्टरांचे स्वप्न परंपरेचे, ही विभागणी टिकण्यासारखी नाही.

मराठी परिभाषेनेही येथे थोडा घोटाळा करून ठेवला आहे. ‘अनकॉन्शस’साठी आपण ‘नेणीव’ हा शब्द सहज वापरतो. पण ‘जाणीव-नेणीव’ ही जोडी संतांच्या भाषेत फार आधीपासून नांदते आहे आणि तेथे तिचा अर्थ वेगळा आहे. संतांची नेणीव म्हणजे कधी अज्ञान, तर कधी ज्ञानाचा अभिमान गळून पडल्यावरची निरागसता. आणि परमार्थाच्या शेवटच्या टप्प्यावर जाणीव व नेणीव दोन्ही मागे टाकावयाच्या असतात. दडपलेल्या वासनांचे तळघर हा अर्थ त्या शब्दाला ठाऊक नाही. फ्रॉइडची कल्पना या शब्दात घालून संतकाव्य वाचले की संतांनीच मनोविश्लेषण सांगून ठेवले आहे असा भास होतो. या भासावर मराठीत बरेच लेखन झाले आहे. त्यातले फारच थोडे टिकेल.

फ्रॉइडची दमनाची कल्पना बहिणाबाईंना लावताना तर आणखी सावध राहावे लागते. त्यांच्या अभंगांत पातिव्रत्याचा पुरस्कार आहे. पती हाच देव, त्याची सेवा हाच धर्म, असे त्या आवर्जून सांगतात. त्याच वेळी पतीला अमान्य असलेल्या गुरूचा ध्यासही त्या सोडत नाहीत. वेद-पुराणे स्त्रीदेहाला हिताचे मानत नाहीत, तर आपण परमार्थ कसा साधावा, ही त्यांची तक्रार तर उघडच आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ सालच्या आपल्या निबंधात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधील हा ताण नेमका हेरला आहे. मुद्दा असा, की या दोन इच्छांपैकी कोणतीच दडपलेली नाही. कलकत्त्यास १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी मतभेद दर्शवीत असे म्हटले होते की प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरुद्ध इच्छाही मनात वसत असते. गीता आणि योगसूत्रे यांवर लिहिणाऱ्या या माणसाची ही मांडणी बहिणाबाईंच्या अभंगांना फ्रॉइडपेक्षा अधिक जवळची आहे. पण तीही पूर्णपणे लागू पडत नाही. बोस यांच्या मते विरुद्ध इच्छांपैकी एक अबोध राहते; बहिणाबाई दोन्ही समोरासमोर ठेवतात, दोघींशी वाद घालतात आणि निवाड्यासाठी शास्त्राकडे जातात.

शास्त्राकडे जाण्याची ही कृती या संहितेचा कणा आहे, आणि दोन्ही प्रकारच्या वाचकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे. बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’ अभंगांत आणली. वज्रसूची या नावाचे एक उपनिषद आहे आणि अश्वघोषाच्या नावावर मोडणारा त्याच नावाचा बौद्ध ग्रंथही आहे. उपनिषदाचा प्रश्न एकच : ब्राह्मण कोणास म्हणावे? जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म आणि धार्मिकता ही सहा उत्तरे एकेक करून तपासली जातात आणि एकेक करून खोडली जातात. शेवटी उरतो तो तळहातावरच्या आवळ्याइतक्या स्पष्टपणे आत्म्याचा साक्षात अनुभव घेणारा. वरवर पाहता हा वर्णविषयक वाद आहे. बारकाईने पाहता ती ‘मी कोण’ या प्रश्नाची पद्धतशीर शस्त्रक्रिया आहे; ज्या ज्या गोष्टीशी माणूस स्वतःला जोडतो ती ती गोष्ट सुटी करून बाजूला ठेवण्याची. एका ब्राह्मण स्त्रीने, जिच्या पतीची प्रतिष्ठा पहिल्या पाच-सहा उत्तरांवरच उभी आहे, ही शस्त्रक्रिया मराठीत करून दाखवावी, यातील धैर्य साधे नाही. देहूस मंबाजींनी केलेला आक्षेप हा जातीचाच होता. वज्रसूचीचे मराठीकरण त्या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते, आणि तसे वाचल्यावर स्वप्नाचा अर्थही बदलतो.

कारण स्वप्नाने एक विधान केले होते : हा शूद्र माझा गुरू आहे. स्वप्न विधान करू शकते. ते सिद्ध करू शकत नाही. सिद्धीसाठी बहिणाबाईंनी प्रमाणग्रंथ शोधला. ब्राह्मण्य जन्माने नसेल तर गुरुत्वही जन्माने नाही, आणि आत्मानुभवी तुकोबाच खऱ्या अर्थाने ब्राह्मण ठरतात. मनोविश्लेषक याला ‘बौद्धिक समर्थन’ म्हणेल. आधी इच्छा, मागाहून तिला शोभणारे कारण. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. पण समर्थन या संज्ञेला अर्थ येतो तो खरा हेतू झाकलेला असतो तेव्हा. बहिणाबाईंनी हेतू झाकलेला नाही. तुकोबांचा ध्यास, त्यांच्या भेटीसाठी झालेली तळमळ, पतीचा मार, जगाची निंदा, हे सारे त्यांनी क्रमाने आणि उघडपणे मांडले आहे. ज्याचे कारण झाकले जात नाही त्याला समर्थन न म्हणता युक्तिवाद म्हणणे योग्य. आणि हा भेद नाकारला तर कोणाही स्त्रीच्या कोणत्याही युक्तिवादाला लक्षण ठरविण्याची सोय होते. ही सोय गहन मानसशास्त्राने अनेकदा करून घेतली आहे.

सुधीर काकर यांच्या ‘द अ‍ॅनॅलिस्ट अँड द मिस्टिक’ (१९९१) या पुस्तकाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. रामकृष्ण परमहंसांच्या दर्शनांना विकृती न मानता त्यांतील सर्जनशीलता काकर ओळखतात, आणि त्यासाठी फ्रॉइडपेक्षा विनिकॉट व बिऑन यांचा आधार घेतात. त्यानंतर चारच वर्षांनी आलेल्या जेफ्री क्रायपाल यांच्या ‘कालीज चाइल्ड’ या पुस्तकाने उठविलेल्या वादळाच्या तुलनेत काकरांचा समंजसपणा उठून दिसतो. तरीही दोघांच्या विषयाची निवडच बोलकी आहे. रामकृष्णांनी स्वतः लिहिले नाही. त्यांचे बोलणे शिष्यांनी टिपून ठेवले. विश्लेषकाला तेथे कोच आयताच मिळतो. बहिणाबाई मात्र कवयित्री आहेत, आणि आपल्या अनुभवाच्या पहिल्या भाष्यकार त्याच आहेत. विश्लेषकाची खुर्ची त्यांनी आधीच व्यापलेली आहे.

ही खुर्ची कोठे आहे हे पाहावयाचे तर अभंगाच्या घाटाकडे पाहावे लागते. आत्मकथन प्रथमपुरुषी आहे : मला मारले, मला दिसले, माझे चित्त गेले. परंतु प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते आणि तेथे बहिणी ‘म्हणत’ असते, तृतीयपुरुषात. भोगणारी ‘मी’ आणि म्हणणारी ‘बहिणी’ अशा दोघी प्रत्येक अभंगात एकमेकींसमोर उभ्या राहतात. मार खाणारी अकरा वर्षांची मुलगी आहे. सांगणारी प्रौढ, कदाचित वृद्ध स्त्री आहे, आणि या दोघींमधील काळाचे अंतर मुद्रेच्या एका शब्दात सामावते. नाममुद्रा हा परंपरेने दिलेला साचा आहे, तो बहिणाबाईंनी शोधलेला नाही, हे खरे. पण इतर संतांच्या स्फुट अभंगांत ती बहुधा स्वाक्षरी असते; येथे सलग कथन असल्यामुळे ती साक्षीची जागा होते. अहंकाराशिवाय जाणीव असूच शकत नाही, असा युंगचा भारतीय योगावरचा आक्षेप होता. बहिणाबाईंच्या अभंगात ‘मी’ विरघळत नाही. ती दुःखासकट शाबूत राहते. फक्त तिला पाहणारे कोणीतरी शेवटच्या चरणात हजर असते. युंगला हवा असलेला अहं आणि वेदान्ताला हवा असलेला साक्षी एकाच अभंगात शेजारी बसतात, आणि त्यासाठी कोणत्याही सिद्धान्ताचा आधार लागत नाही. छंदाचा संकेत पुरतो.

संहितेच्या विश्वसनीयतेचा प्रश्न अर्थात उरतोच. उमरखाने यांनी १९१३ साली गाथा छापली आणि जस्टिन अ‍ॅबट यांचे १९२९ चे इंग्रजी भाषांतर आल्यावर ती मराठीबाहेर पोहोचली. आठवण ही नेहमी मागाहून रचलेली असते, आणि कित्येक दशकांनंतर सांगितलेल्या बालपणाला पुढच्या आयुष्याचा रंग चढणारच. परंतु ही शंका मानसशास्त्रीय वाचनालाच अधिक घातक आहे. ते वाचन मूळ घटनेवर उभे असते. समीक्षा कथनावर उभी असते. वासरू कसे मेले यापेक्षा वासराच्या मरणानंतरच गुरूचे दर्शन सांगावे असे बहिणाबाईंना का वाटले, या प्रश्नाचे उत्तर संहितेत सापडू शकते.

आत्मकथनाचा शेवटचा भाग या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे. मृत्यू जवळ आला असता बहिणाबाई आपल्या मुलाला, विठोबाला, मागील बारा जन्मांची हकीकत सांगतात. चालू जन्म तेरावा आणि अखेरचा. आधुनिक वाचक येथे बहुधा थबकतो आणि पाने उलटतो. ती उलटू नयेत. कोल्हापुरात जे दिसले ते एकटीला दिसले होते, मूर्च्छेतून उठल्यावर, आणि ते सांगितल्याबद्दल घरात वादळ उठले. आता जे दिसते ते संवादात दिसते. मुलगा विचारतो आणि आई सांगते. त्या जन्मांमध्ये त्याचाही तिच्याशी संबंध होता हे त्याला तिच्याकडूनच कळते. विश्लेषणाच्या खोलीत रुग्ण सांगतो आणि अर्थ दुसरा लावतो. शिऊरच्या त्या घरात सांगणारी आणि अर्थ लावणारी एकच आहे, आणि ऐकणारा पुरुष, वेदाधिकार असलेला ब्राह्मणपुत्र, ऐकून घेतो.